अकराशे मुडद्यांचे शेवट

माझे वडील, म्हणजे नाना, शेवट कापून घेतलेल्या रहस्यकथेला मुडदा म्हणतात आणि कापून घेतलेल्या पानांना शेवट. घरात इतकी वर्षं हेच शब्द चालत आल्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात जळगावजवळ आमच्या असोद्याच्या घरात जे काही बोललं गेलं, ते रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी नीट ऐकलं असतं तर पोलीस पाटलाला बोलावून आणलं असतं. "लाल मुडदे कॉटखाली सरकव." "आई, या मुडद्याचा खुनी तुझ्या मांडीखाली आहे, जरा उठ." शेजारच्या काकू विरजण मागायला ओट्यापर्यंत आल्या आणि वाटी घेऊन तशाच मागे फिरल्या. नंतर आठवडाभर त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

नाना दीपनगरच्या वीजकेंद्रात होते आणि आमचं बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. कॉलनीत रहस्यकथांचं वेड होतं. भुसावळ स्टेशनवरून किंवा रद्दीवाल्याकडून कुणीतरी एक पॉकेट बुक आणायचं आणि ते दारोदार फिरायचं. त्यात एक आजार होता. ज्याचं वाचून झालं तो पुढच्याला छळायचा. पाळी बदलताना सायकलवरून जाता जाता ओरडायचा, "पुतण्यानं मारलं!" काही नग तर पहिल्याच पानावर पेन्सिलीनं खुनी लिहून ठेवायचे. असं तीनचार वेळा झाल्यावर नानांचं डोकं फिरलं. त्यांनी दाढीचं ब्लेड घेतलं आणि घरात होतं नव्हतं तेवढ्या सगळ्या पुस्तकांचे शेवटचे फर्मे कापून काढले. ही पुस्तकं छापायची पद्धत एकच, सोळा पानांचे आठ फर्मे. एकशे बाराव्या पानावर सगळे संशयित दिवाणखान्यात गोळा व्हायचे आणि तिथे आमच्याकडचं पुस्तक संपायचं.

मुडदा कुणीही न्यावा. शेवट पाहिजे असेल तर आमच्या घरी यावं, नानांसमोर उभं राहून खुनी कोण आणि का ते सांगावं. बरोबर असेल तर शेवट लगेच आणि वर चहा. चूक असेल तर शेवट न्यायला आठ दिवसांनी या. हा नियम नानांनी कुणासाठी मोडला नाही. एकदा त्यांच्या साहेबांनी चूक सांगितलं, तर साहेबांनाही आठ दिवसांनी बोलावलं. नानांची बढती त्यानंतर दोन वर्षांनी झाली, आणि आई अजूनही त्या दोन गोष्टींचा संबंध जोडते. नियमाचा खरा जाच तिलाच होता. दार उघडलं की समोरचा माणूस नमस्काराच्या जागी म्हणायचा, "वहिनी, बायकोनंच मारलं. विष घालून." एका नव्या शेजारणीनं हे ऐकलं आणि ती बिचारी महिनाभर आमच्याकडचं काही खात नव्हती.

या सगळ्यात नानांच्या तोडीचा एकच माणूस होता, त्यांच्याच पाळीतले भाऊ. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो. मूळचे नरडाण्याचे, बोलणं पक्कं अहिराणी, आणि दहातले आठ खुनी बरोबर ओळखायचे. नानांना त्याचा अभिमानही होता आणि पोटदुखीही. दोघं एकाच महिन्यात रिटायर झाले. शेवटच्या दिवशी भाऊंनी स्टेशनवरून एक पुस्तक आणलं, 'सावकाश मरा, शेठजी'. नाना म्हणाले, आजवर मी वाचून झाल्यावर कापत आलो, हे मात्र न वाचताच कापतो. म्हणजे दोघंही परीक्षेला बसू. शेवट न बघता कापला, नेहमीसारखं रबर लावून नावाची चिठ्ठी अडकवली आणि ट्रंकेत टाकला. मुडदा आधी भाऊंनी वाचला, मग नानांनी. कापसाच्या जिनिंगचा मालक असलेले शेठजी थोडे थोडे करून मरतात, कारण रोज रात्रीच्या इसबगोलात कुणीतरी विष कालवतं. भाऊ म्हणाले, इसबगोल लिहून देणारा डॉक्टर. नाना म्हणाले, इसबगोल कालवून देणारा मुनीम. तेवढ्यात सामान भरायला ट्रक आला. ठरलं असं की उन्हाळ्यात भाऊंनी असोद्याला यायचं, रस-मांडे खायचे आणि दोघांनी मिळून ट्रंक उघडायची.

ट्रंक असोद्याला आमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. जळगावचा एप्रिल-मे ज्यानं काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. भाऊ रिटायर झाल्यावर धुळ्याला राहायला गेले होते, तिथून आले, ट्रंक उघडली, तर आतली सगळी रबरं वितळून काळा चिकट गोळा झालेला. नावांच्या चिठ्ठ्या त्या गोळ्यात अडकलेल्या आणि अकराशे शेवट एकमेकांत मिसळलेले. शेवटावर पुस्तकाचं नाव छापलेलं नसतं. प्रत्येक शेवट एकशे तेराव्या पानापासून सुरू होतो. प्रत्येकात एक शेठ, एक मुनीम, एक डॉक्टर, एक पुतण्या आणि जिन्याखाली उभी असलेली एक बाई असते.

भाऊंनी तो काळा गोळा बोटानं ढोसून पाहिला. मग म्हणाले, "तू वाची लिधं. डॉक्टरच निघना, म्हनीसन तू हाई बठ्ठं कालवी दिधं." नाना म्हणाले, मी चोरून वाचलं आणि हरलो म्हणून सगळं मिसळलं? मी असं करीन? भाऊ म्हणाले, करशील. खाली आईनं खापरावरचे मांडे केले होते, रसाच्या वाट्या भरल्या होत्या. भाऊ ताटावरून उठले नाहीत, कारण ते ताटावर बसलेच नाहीत. सरळ बसस्टँडला गेले. आमच्याकडे रस-मांड्यांचं ताट सोडून जाणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. त्यानंतर बारा वर्षं दोघं बोलले नाहीत. दोन्हीकडची लग्नं झाली, पत्रिका आल्या-गेल्या, आहेर आले-गेले, पण हे दोघं मांडवात एकमेकांकडे पाठ करून जेवले.

मागच्या मे महिन्यात भाऊंच्या सुनेचा मला फोन आला. मी जळगावला ज्युनिअर कॉलेजात बुककीपिंग शिकवते, तेव्हा पेपर तपासत होते. ती आधी रडली आणि मग चिडली. भाऊंच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद झाल्या होत्या. बायपास लगेच करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाऊ नाही म्हणत होते. "ताई, ते म्हणतात आधी शेवट आणा, मग सही करतो. कसला शेवट? आम्हाला वाटलं निरवानिरव सांगताहेत. तर म्हणतात इसबगोलाचा."

मी तिला म्हटलं, फोन त्यांच्याकडे दे. आणि सरळ खोटं बोलले. "भाऊ, सापडलाय शेवट. डॉक्टरच होता. तुमचं बरोबर होतं. आता सही करा."

"बेटा," भाऊ म्हणाले, "तोंडवरी काय बी सांगता येस. माले कागद दखाड. छापेल कागद जोयजे."

फोन ठेवला आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! एका जिवंत माणसाचा जीव सोळा पिवळ्या पानांवर अडकून बसला होता आणि ती पानं माझ्या बापानं बारा वर्षं ट्रंकेत कुजत ठेवली होती. त्याच संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन असोद्याची बस पकडली. ठरवलं की सगळ्या संग्रहाची रीतसर सूची करायची, प्रत्येक मुडद्याला त्याचा शेवट जुळवायचा. नुसतं इसबगोल शोधून भागलं नसतं, शेवटात त्याचं नाव असेलच असं नव्हतं; बाकीचे जुळले की उरेल तो आपला. जमाखर्चात चूक कुठेही लपलेली असो, एकेक नोंद तपासत गेलं की सापडतेच, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. बसमध्ये भाऊंच्या सुनेला फोनवर तेच समजावून सांगत होते. "मुडदे आहेत सगळे घरी, त्याची काळजी नको. फक्त कुणी कुणाला मारलं ते जुळवायचं आहे." शेजारची बाई पिशवी उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मी रकाने आखले. क्रमांक, नाव, कोण मेलं, कशानं मेलं, संशयित, डाग, शेवट. मुडदे आतल्या खोलीत, शेवट बाहेर फरशीवर. पंखा लावला की शेवट उडायचे, म्हणून पंखा बंद. बाहेर चव्वेचाळीस, आत त्याहून जास्त. कागदांवर वजन म्हणून ठेवायला काही नव्हतं, तेव्हा नानांनी वाडीतून आणलेल्या कच्च्या केळ्यांची फणी तोडून एकेका ढिगावर एकेक केळं ठेवलं. त्याचा चीक पानांवर उतरला आणि वाळून काळा पडला. डागांचा रकाना मग मला दोनदा रुंद करावा लागला.

नाना मुडद्याची शेवटची दोनतीन पानं वाचून दाखवायचे आणि मी शेवट शोधायची. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की हे काम अवघड नाही, तर फार सोपं आहे, आणि तेच त्याचं दुखणं आहे. कुठलाही शेवट कुठल्याही मुडद्याला बसायचा. शेठ मेला, पुतण्या पकडला गेला, झालं. एका पुस्तकात विमानात खून झाला होता आणि मी जुळवलेल्या शेवटात खुनी बैलगाडीतून पळाला. नानांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "मूळच्यापेक्षा हे बरं आहे. राहू दे."

"नाना, राहू दे काय? चूक आहे ते!"

"उतरल्यावर बैलगाडी केली असंल त्यानं. विमानतळ गावाबाहेरच असते."

मी बैलगाडी बाहेर काढली. ते तोंड पाडून बसले.

आईची गोष्ट वेगळीच निघाली. ट्रंक दीपनगरला तिच्याच कॉटखाली असायची. आठ फर्मे वाचायला तिला कधी सवड मिळाली नाही. पण एक फर्मा म्हणजे पापडाचं पीठ मुरेपर्यंतचा वेळ. त्यामुळे तिनं आयुष्यभर फक्त शेवट वाचले होते. तिला अकराशे खुनी माहीत होते आणि एकही खून माहीत नव्हता. शेवट हातात घेतला की ती ओळखीचं माणूस भेटल्यासारखी बोलायची. "हा बघ, हा शेवटी रडतो. गरीब आहे गं स्वभावानं." नाना आतून ओरडायचे, "त्यानं तीन जणांना विहिरीत ढकललंय!" आई म्हणायची, "असेल. पण शेवटी किती नीट बोलला." तिच्या मते गुप्तहेरासारखा आगाऊ माणूस नाही, जेवायच्या वेळेला सगळ्यांना बोलावून भाषण करतो. तिच्या स्मरणशक्तीचा उपयोग मात्र शून्य झाला, कारण तिची वर्गवारी निराळी होती. रडणारे, न रडणारे आणि मिशीवाले. आणि इसबगोलाचा शेवट तेवढा तिनं वाचला नव्हता. तो सामान बांधायच्या गडबडीत ट्रंकेत पडला होता.

रोज संध्याकाळी भाऊंच्या सुनेचा फोन यायचा. सापडलं का? नाही. ते जेवत नाहीत नीट. दोन पावलं चालले की धाप लागते. डॉक्टर म्हणतात, उशीर करू नका. मी तिला म्हणायची, अर्धं झालं, होईल. आणि मनात म्हणायची, हा म्हातारा जर या मूर्खपणापायी गेला तर मी यातलं एकेक पुस्तक बंबात घालीन. मला भाऊ फार आवडायचे. लहानपणी मी एकदा खुनी बरोबर ओळखला होता, तर नानांनी मला पोरीबाळींना चहा नाही म्हणून शेवटच तेवढा दिला. तेव्हा भाऊंनी मला त्यांच्या घरी नेऊन चहा पाजला होता. नियम म्हणजे नियम, असं म्हणाले होते.

मग एका सकाळी माझा ताळा चुकला. आदल्या दिवसापर्यंत जुळलेल्या पुस्तकांची बेरीज सातशेच्या वर होती, आज मोजली तर सातशेच्या खाली. मी पुन्हा मोजलं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. माझ्या सूचीत जे शेवट जुळले म्हणून लिहिले होते ते फरशीवरच्या ढिगात परत येऊन बसत होते. एवढ्या रहस्यकथा ज्या घरात आहेत त्या घरात मांजरावर संशय घेण्याइतकी मी भोळी नाही. आई दुपारी पापड लाटायला मागच्या गल्लीत जायची. त्या दुपारी मी ओला पंचा तोंडावर घेऊन कॉटवर पडले आणि पंच्याच्या फटीतून बघत राहिले.

नाना आले. पाय न वाजवता जुळलेली पुस्तकं ठेवायच्या कपाटापाशी गेले, चारपाच पुस्तकं काढली, शेवट उपसले, फरशीवरच्या ढिगात घातले, आणि ढीग हातानं पत्त्यांसारखा पिसला. वर परत केळं ठेवलं. अगदी नीट, होतं तिथेच.

मी उठून बसले. "नाना!"

ते एवढे दचकले की दुसरं केळं हातातून पडलं. मी जे तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या अहंकारापायी एक माणूस मरतोय. तो बरोबर ठरेल म्हणून तुम्ही हे करताय. सगळ्यात आगाऊ गुप्तहेर बोलला नसेल इतकं मी बोलले. मग त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेली पानं काढली आणि माझ्यासमोर ठेवली. चीक लागून कड काळी झाली होती. वरच्याच ओळीत इसबगोल होतं.

"दुसऱ्याच दिवशी सापडला," नाना म्हणाले. "डॉक्टरच आहे. त्याचं बरोबर व्हतं."

"मग दिला का नाहीत?"

"दिला तं त्याले टेबलावर जावं लागीन." ते खाली फरशीकडे बघत होते. "माहा सख्खा थोरला भाऊ असाच ऑपरेशनले आत गेला व्हता. आलोच म्हने, आला नाही. हा शेवट सापडत नाही तवर तो सही करत नाही, अन् सही करत नाही तवर तो हाये. मले एवढंच कळते. तुहे सगळे जुळून गेले असते तं तू इचारलं असतं, तोच एक कसा नाही. म्हनून उसवत व्हतो."

सगळा राग जिथल्या तिथे राहिला आणि त्याला जागाच उरली नाही. सत्तरी उलटलेला माझा बाप केळीच्या चिकानं काळे झालेले हात मांडीवर ठेवून बसला होता आणि त्याला भीती वाटत होती. तो भित्रा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी पंच्यात पुसलं.

आई दारात उभी होती. पापडाचं पीठ लागलेल्या हातांनीच तिनं ती पानं उचलली, उभ्या उभ्याच वाचून काढली, तिला सवय आहे. वाचून झाल्यावर म्हणाली, "हा रडत नाही." मग नानांकडे वळली. "अहो, अकराशे पुस्तकांचे शेवट कापलेत तुम्ही. त्यातला एक तरी मेलेला उठून बसला का?"

नानांनी पडलेलं केळं उचलून ढिगावर ठेवलं.

"कपडे घाला," आई म्हणाली. "धुळ्याला जायचंय."

भाऊंचा मुलगा आम्हाला हॉस्पिटलच्या दारातच भेटला आणि वर घेऊन गेला. भाऊ पलंगावर बसले होते. ते मला आठवत होते त्याच्या निम्मेच उरले होते, पण मिशी तीच. नानांना पाहून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. नानांनी खिडकीकडे केलं. बारा वर्षांनी भेटलेली दोन माणसं अशी पाठीला पाठ करून थांबली आणि दोघंही माझ्याशी बोलू लागली.

"त्याले इचार, शेवट आना का?"

"त्याले सांग, आनला. खिशात आहे."

"त्याले सांग, दे."

"त्याले सांग, नियम माहीत आहे. आधी खुनी सांग."

पलंगाच्या पायथ्याशी ऑपरेशन करणारे डॉक्टर संमतीचा कागद घेऊन उभे होते. तरुण होते, घाईत होते, आणि आजवर त्यांच्यासमोर असं काही घडलेलं नसावं. भाऊ एकदम वळले. बारा वर्षं साठवलेला आवाज त्यांनी काढला.

"डॉक्टरनी मारं! बारा वरीस व्हई ग्यात, मी तेच सांगी राहिनू. इसबगोलमा इख कालवं अन् सावकाश मारं. डॉक्टरनीच!"

डॉक्टरांनी कागद छातीशी धरला. "कोणाला मारलं?" त्यांनी विचारलं.

"शेठला," मी म्हटलं.

"कुठल्या शेठला? आमच्याकडे?"

भाऊंची सून डॉक्टरांना बाजूला घेऊन समजावू लागली आणि जितकं समजावलं तितकं ते मागे सरकत गेले. इकडे नाना भाऊंकडे बघत होते. हात खिशावर होता. आई नि मी वाट बघत होतो की आता ते पानं काढतील. आयुष्यभर या माणसानं बरोबरला बरोबर आणि चुकीला चूक म्हटलं होतं. साहेबांच्या तोंडावर म्हटलं होतं.

"चूक," नाना म्हणाले.

आईनं माझा दंड इतका जोरात धरला की वळ उठले.

भाऊंना आधी कळलंच नाही. "काय?"

"चूक. डॉक्टर नाही. नियम तुले माहीत आहे. आठ दिवसांनी ये, शेवट घेऊन जा."

"चूक? तुना बाप चूक!" भाऊ पलंगावर गुडघ्यांवर उठले. नर्स धावली. त्यांनी तिला हातानं थांबवलं. चेहऱ्यावर असा रंग आला होता की सून घाबरून पुढे झाली. "खोटा शे तू! आठ दिनमा येस मी. तुन्ही ती ट्रंक बठ्ठी उलटी करसू, एकेक कागद देखसू, पन तुले सोडत नही!" मग डॉक्टरांकडे हात केला. "आन रे तो कागद आठे. कोठे सही करनी शे?"

डॉक्टरांनी लांबूनच कागद पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेताना आम्ही बाहेर उभे होतो. स्ट्रेचरवरूनही ते नानांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होते आणि नाना मान हलवून चूक, चूक म्हणत होते. दार बंद झालं. नाना बाकावर बसले आणि दोन्ही हात खिशावर दाबून ठेवले. दुपारपर्यंत ते उठले नाहीत. आईनं पाणी दिलं ते पेल्यातच राहिलं. एकदाच मला म्हणाले, "आठ दिवसांचं बोललोय मी. चारच बोलायले पाहिजे व्हतं का?" मी म्हटलं, आठच बरोबर. डॉक्टर बाहेर आले, नीट झालं म्हणाले, आणि नानांना नमस्कार करावा की दूर राहावं हे न कळून तसेच निघून गेले.

आठव्या दिवशी नाना एकटे बसनं धुळ्याला गेले. भाऊ वॉर्डात उशीला टेकून तयारच बसले होते. पानं घेतली, सगळी वाचली, परत पहिल्यापासून वाचली. सून सांगते की त्यांनी पानं उशीखाली सारली. नानांचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि मग झिडकारला.

माझी सूची आता पूर्ण आहे. 'सावकाश मरा, शेठजी' समोर लिहिलं आहे, मुडदा असोदा, शेवट धुळे. तो शेवट भाऊंनी परत केलेला नाही आणि नाना मला मागू देत नाहीत. दोघांचं बोलणं अजून बंदच आहे. रोज सकाळी आठला भाऊ मला फोन करतात आणि सांगतात, "त्या खोटाले सांग, मी त्यानासंगे बोलत नही." मी सुट्टीत असोद्याला असले की नाना पावणेआठपासून माझ्या शेजारी येऊन बसतात आणि फोन स्पीकरवर ठेवायला लावतात.